छोट्या डिझाइन स्टुडिओनं जबाबदारीनं वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरी पाटी

आमचा पाच जणांचा स्टुडिओ आहे. बोधचिन्हं, माहितीपत्रकं, पॅकेजिंग आणि अधूनमधून संकेतस्थळं, अशी मिश्र कामं असतात. ‘पर्यावरणाचं भान राखणारा स्टुडिओ’ अशी ओळ स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी का, यावर सध्या आमच्यात बोलणं चालू आहे. एवढ्यात टाकू नये असं माझं मत आहे. त्याचं कारण मांडतो, तुमचे अनुभव हवे आहेत.

पाठकोऱ्या कागदांवर कच्ची रेखाटनं, जाताना सगळी बटणं बंद, अनावश्यक प्रिंट नाही, हे आम्ही करतो आणि करतच राहू. पण पाच माणसांची खोली ती केवढी! तिथून जे काम बाहेर जातं त्याचा पसारा कितीतरी मोठा असतो.

साधा हिशोब बघा. ए० आकाराचा कागद १ चौरस मीटरचा, ए४ त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक ए४ कागद ५ ग्रॅम भरतो. रोज वीस कागद वाचवले तर १०० ग्रॅम वाचले. आता क्लायंटचं ए४ पत्रक १३० जीएसएम आर्ट पेपरवर १०,००० प्रती छापायचं ठरलं, तर नुसता कागद ८१ किलो लागतो. हा मजकूर ए५ मध्ये बसेल का, असं पहिल्या बैठकीत कोणी विचारलं आणि तो बसला, तर ४० किलो वाचतात. तेवढंच खोलीत बसून वाचवायला चारशे दिवस लागतील.

पडद्यावरही तेच. पहिल्या पानावरचा फोटो ३ एमबीऐवजी ३०० केबीचा केला की दर भेटीमागे २.७ एमबी वाचतात. एक लाख भेटींना २७० जीबी होतात, आणि तो डेटा बघणाऱ्याच्या पॅकमधून जातो, आपल्या नाही.

तिसरी गोष्ट वजनात मोजता येत नाही, पण मला ती सगळ्यात जास्त टोचते. ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटण जरा फिकट करा, ‘नको’ची ओळ बारीक करा, अशा सूचना आम्हाला येतात. त्या पाळायच्या का?

तुमच्या स्टुडिओत यावर काही नियम ठरलेत का? ठरले असतील तर ते टिकले का, हेही लिहा.

जाड ठसा

छान धागा. मी छपाईच्या बाजूचा माणूस, म्हणून तेवढ्यापुरतं सविस्तर लिहितो.

डिझायनर मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ‘रिसायकल्ड कागद आहे का’ हा असतो. प्रश्न चांगला आहे, पण तो तिसरा किंवा चौथा असायला हवा. पहिला प्रश्न हवा ‘तुमच्या मशीनवर कोणत्या मापाची शीट लागते?’

उदाहरण देतो. समजा शीट एसआरए२, म्हणजे ४५० × ६४० मिमी. तुमचं माहितीपत्रक चौकोनी, २१० × २१० मिमी. उघडल्यावर ते ४२० × २१० होतं, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई) धरला तर ४२६ × २१६. शीटवर असे दोनच बसतात. शीटचा ६१ टक्के भाग वापरला जातो, बाकी कटिंगमध्ये जातो. आता तेच पत्रक २०० × २०० करा. ब्लीडसकट ४०६ × २०६ झालं. ६४० मध्ये २०६ तीनदा बसतं, ४५० च्या बाजूला ग्रिपरला (मशीन कागद पकडतं ती कड) आणि कलर बारला (रंग तपासायची पट्टी) जागा उरते. दोनाऐवजी तीन! वापर ८३ टक्क्यांवर. हातात घेणाऱ्याला त्या १० मिमीचा फरक कळतही नाही.

हा बदल लेआउटच्या पहिल्या दिवशी फुकट असतो. फाइल मंजूर होऊन आमच्याकडे आली की मग कोणीच ऐकत नाही, आणि त्यांचंही बरोबर असतं, कारण तेव्हा सगळी पानं नव्यानं लावावी लागतात.

दुसरं म्हणजे लॅमिनेशन. कागदावर प्लास्टिकची फिल्म चिकटली की पुनर्वापराच्या वेळी लगद्याच्या टाकीत ती वेगळी करणं अवघड होतं. आतल्या पानांना तर ते लागतच नाही. मुखपृष्ठाला घडीवर शाई तडकू नये म्हणून लावतात, ते कारण खरं आहे. पण घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेनं येईल असं बघितलं आणि आधी क्रीझ (घडीची दाबलेली रेघ) मारून घेतली, तर बऱ्याच कामांत वॉटर-बेस्ड कोटिंगवर भागतं.

तिसरं, प्रतींची संख्या. ऑफसेटवर रंग जुळेपर्यंत सुरुवातीच्या शीट वाया जातातच, मग प्रती ५०० असोत की ५,०००. म्हणून अगदी कमी प्रतींना डिजिटल छपाई बरी. आणि ‘जास्त छापल्या की प्रत स्वस्त पडते’ म्हणून दुप्पट छापून घेऊ नका. पत्ता किंवा फोन नंबर बदलला की उरलेले गठ्ठे थेट रद्दीत जाताना मी खूप पाहिलेत.

खोडरबर

वाचतोय. जाड ठसा, शीटच्या मापाची माहिती प्रिंट काढून टेबलासमोर लावणार आहे. (पाठकोऱ्या कागदावरच.)

हलकं पान

कोरी पाटी, फोटोचा हिशोब बरोबर आहे, आणि तो अगदी सोपा विजय आहे. जेपेग १९९२ पासूनचं आहे. त्याच दर्जाचा फोटो एव्हिफ या नव्या फाइल-प्रकारात बहुतेक वेळा बराच लहान होतो. त्याहून मोठा फरक मात्र योग्य मापाचा फोटो पाठवल्यानं पडतो. ४०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत ४,००० पिक्सेलचा फोटो ओतलेला मी आठवड्यातून एकदा तरी बघते. चिन्हं आणि आकृत्या एसव्हीजीमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनानं साठवलेली फाइल) द्या. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तर नकोच. तो ठेवायचाच असेल तर बघणाऱ्यानं दाबल्यावर सुरू होऊ दे.

आपल्यासाठी वेगळा मुद्दा फाँटचा आहे. देवनागरी फाँट रोमनपेक्षा जड असतात, कारण जोडाक्षरांचे कितीतरी आकार आत असतात. म्हणून फाइल हलकी करताना काही जण ‘न लागणारी’ अक्षरं छाटतात. हे आंधळेपणानं करू नका. जोडाक्षरं घडवणारे नियम फाँटच्या आत वेगळ्या तक्त्यात असतात. ते उडाले की ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘ट्र’ पानावर मोडून पडतात. छाटणीचं साधन तो तक्ता राखतं का हे आधी तपासा, आणि फाँट वॉफ२ (वेबसाठी आकसलेला फाँटचा फाइल-प्रकार) मध्ये द्या. चार वजनं (अक्षरांच्या जाडीच्या पायऱ्या) लागत असतील तर चार वेगळ्या फाइलींऐवजी एक व्हेरिएबल फाँट (एकाच फाइलीत सगळ्या जाड्या) पुरेल का तेही बघा. पण खरं तर चार वजनं लागतातच कशाला? दोन पुरतात.

डार्क मोडबद्दल एक. ‘डार्क मोड दिला म्हणजे वीज वाचली’ असं सरसकट सांगू नका. एलसीडी पडद्याला मागचा दिवा लागलेलाच असतो, तिथे जवळजवळ काही वाचत नाही. ओएलईडीवर (जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) वाचते, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात नेहमीच्या ३० ते ५० टक्के उजेडावर बचत ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण उजेडावर मात्र ३९ ते ४७ टक्के. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून जरूर द्या, क्लायंटला मोठी आश्वासनं देऊ नका.

रात्रपाळी

सगळं पटतंय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी आजवर तीन स्टुडिओंत काम केलं. त्यातल्या एका ठिकाणी रिसायकल्ड कागदाचं भारी कौतुक होतं, आणि इंटर्न मुलांना पैसे मिळत नव्हते. रात्री अकराला ग्रुपवर ‘एवढं उद्या सकाळी हवंय’ असा मेसेज यायचा. कागदाची काळजी घेणाऱ्या जागेनं माणसांची घेऊ नये, हे मला फार लागलं होतं.

सध्याच्या जागी तीन गोष्टी लिहून ठेवल्यात आणि क्लायंटलाही कोटेशनसोबत पाठवतो. संध्याकाळी सातनंतर आलेला फीडबॅक दुसऱ्या दिवशी वाचला जाईल. इंटर्नला मानधन मिळेल आणि पोर्टफोलिओत कामाखाली त्याचं नाव येईल. काम मिळण्याआधी फुकट डिझाइन करून दाखवणार नाही, जुनी कामं आणि विचार करण्याची पद्धत दाखवू. शेवटच्या अटीमुळे काही कामं जातात. पण जी येतात ती माणसं आपल्याशी बोलतात, नुसती निवड करत नाहीत.

निळी शाई

रात्रपाळी, +१. मानधनाचा मुद्दा मूळ धाग्यातच हवा होता.

कोरी पाटी

रात्रपाळी, मनापासून आभार. इंटर्नला मानधन आमच्याकडे आहे, पण वेळेचा नियम लेखी नाही. लेखी नसलं की तो ज्याचा आवाज मोठा त्याच्या सोयीनं वाकतो. या आठवड्यात लिहून काढतो.

खोडरबर

आता माझा विरोधाचा मुद्दा, कोरी पाटी. फिकट बटणाची सूचना नाकारणं मोठ्या एजन्सीला परवडतं. आम्ही तिघं आहोत. एका क्लायंटवर तीन महिन्यांचं भाडं निघतं. तो म्हणाला ‘बटण फिकट करा’ आणि आम्ही तत्त्व सांगत बसलो, तर तो शेजारच्याकडून अर्ध्या दिवसात करून घेईल. बटण फिकट होणारच, फक्त आमचं भाडं जाईल. मग साधलं काय?

कोरी पाटी

खोडरबर, प्रश्न खरा आहे, मी तो झटकणार नाही.

आधी थोडा संदर्भ. ब्रिटिश ग्राफिक डिझायनर केन गार्लंड यांनी १९६४ मध्ये लंडनमध्ये एक जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. त्यावर २२ जणांच्या सह्या होत्या: डिझायनर, छायाचित्रकार, विद्यार्थी. आपलं कसब किरकोळ वस्तू खपवण्यात खर्ची पडतंय, ते शिक्षण, पाट्या, पुस्तकं, सूचनापत्रकं अशा टिकाऊ कामांकडे वळावं, असं त्यांचं म्हणणं. पण जाहिराती बंद करा असं त्यांनी म्हटलेलं नाही, ते शक्य नाही हे त्यात स्पष्ट लिहिलंय. २००० साली ३३ जणांनी तो नव्यानं मांडला. सांगायचं एवढंच की पोटाचा प्रश्न सोडून ही चर्चा तेव्हाही झाली नव्हती.

आता बटणाबद्दल. मी ‘नाही’नं सुरुवात करत नाही. दोन मांडण्या नेतो. एक त्यांनी सांगितलेली, दुसरी दोन्ही बटणं सारख्या आकाराची, आणि दुसरीच्या बाजूनं व्यवहाराच्या भाषेत बोलतो. रद्द करायला वाट सापडली नाही की माणूस बँकेकडे तक्रार करतो, वाईट अभिप्राय लिहितो, पुन्हा फिरकत नाही. शिवाय हा आता फक्त नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं, तेव्हा तो डिझायनरांमधला विषय होता. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सबरोबर जी तडजोड जाहीर केली, तीत अशा फसव्या मांडणीपोटी ग्राहकांना परत द्यायची रक्कम २४.५ कोटी डॉलर होती. क्लायंटला हा आकडा सांगितला की खोलीतला सूर बदलतो.

आणि तरीही तो अडून बसला तर? तुम्ही तिघं आहात, भाडं भरायचंय, तर तुम्ही काय करावं हे मी इथे बसून सांगणार नाही. माझी स्वतःची रेषा अशी आहे: कुरूप चालेल, भडक चालेल, पण ज्या मांडणीत बघणाऱ्याला आपण काय दाबलं हेच कळत नाही, ती माझ्या हातून जाणार नाही. शेजारी करेल हे खरं. ते त्याच्या हातून होईल.

खोडरबर

दोन मांडण्या नेण्याची पद्धत करून बघण्यासारखी आहे. शेवटच्या परिच्छेदाशी अजून सहमत नाही, पण उत्तराबद्दल आभार.

स्पष्ट अक्षर

मला कमी दिसतं, आणि मी मजकुराचं काम करते. जबाबदारी म्हटलं की सगळे झाडांबद्दल बोलतात, म्हणून वाचणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते.

डब्ल्यूसीएजीनुसार (संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) नेहमीच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर #७७७७७७ (रंगाचा संगणकी क्रमांक) हा राखाडी ४.४८ ला अडकतो आणि नापास होतो. #७६७६७६ पास होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नजरेवर सोडू नका, मोजा. आणि तोही काठावरचाच पास आहे. तुमचे ते नाजूक, हवेशीर राखाडी परिच्छेद मला दिसतच नाहीत हो. उन्हात फोन धरला तर तुम्हालाही दिसणार नाहीत.

२०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीत बटणांसाठी किमान २४ × २४ पिक्सेलची अटही आहे. आणखी एक विनंती: ‘लाल म्हणजे चूक, हिरवं म्हणजे बरोबर’ एवढ्यावर थांबू नका, सोबत शब्द किंवा खूण द्या. यातल्या कशालाच जादा खर्च येत नाही. सुरुवातीपासून धरलं तर वेळही लागत नाही.

जुना माऊस

यंत्रांबद्दल थोडं. लॅपटॉप बनवणाऱ्यांचेच पर्यावरण अहवाल वाचा. यंत्राच्या आयुष्यातलं बहुतेक उत्सर्जन ते आपल्या टेबलावर येण्याआधीच, बनवताना झालेलं असतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ‘कमी वीज खाणारं’ नवं यंत्र घेण्यापेक्षा आहे ते दोन वर्षं जास्त चालवणं बरं. रॅम वाढवा, एसएसडी टाका, बॅटरी बदला, पंख्यातली धूळ काढा. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा करून पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे.

अडचण एकच: यंत्र ठणठणीत असतं आणि सॉफ्टवेअर साथ सोडतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा यंत्रावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून ते फाइलींच्या बॅकअपसाठी ठेवता येतं. इंकस्केप, जिंप, क्रिटा ही चित्रांची मोफत सॉफ्टवेअरं त्यावर चालतात. मुख्य काम सगळ्यांना तिथे हलवता येईल असं नाही, सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) छपाईच्या कामात अडतं, पण रेखाटनं आणि एसव्हीजीची कामं आरामात होतात.

निळी शाई

एआयवर कोणीच बोललं नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद त्यावर आहेत. कच्च्या कल्पनांना वापरावं असं अर्ध्यांचं मत, अजिबात नको असं बाकीच्यांचं. विजेचा मुद्दा आहे, शिवाय चित्रकारांचाही.

हलकं पान

विजेबद्दल: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या वापराच्या साधारण दीड टक्का. यात एआय हा एक भाग, सगळा नाही. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल असं त्यांचं म्हणणं आहे आणि वाढीमागचं मोठं कारण एआय. एका चित्रामागे किती वीज लागते ते मॉडेल आणि मापानुसार खूप बदलतं, म्हणून मी तो हिशोब छातीठोकपणे मांडत नाही.

मला चित्रकारांचा मुद्दा जास्त मोठा वाटतो. ज्यांच्या चित्रांवर ही मॉडेलं शिकली, त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारलं नव्हतं. आमच्या स्टुडिओत हयात चित्रकाराचं नाव घालून ‘यांच्यासारखं काढ’ असं लिहायला मनाई आहे. तसं चित्र हवं असेल तर त्या चित्रकाराला फोन करायचा. क्लायंटचा अप्रकाशित मजकूर किंवा उत्पादनाचे फोटो कोणत्याही अशा सेवेवर चढवायचे नाहीत. आणि जिथे वापरलं तिथे क्लायंटला लेखी सांगायचं. पार्श्वभूमी काढणं, फोटोतली धूळ पुसणं, याला आमची हरकत नाही.

रात्रपाळी

‘चित्रकाराला फोन करायचा’ याला जोरदार अनुमोदन. माझ्या ओळखीच्या दोन चित्रकारांना गेल्या काही महिन्यांत काम कमी झालंय. फोन आला की आवाजातच कळतं.

जाड ठसा

कोरी पाटी, फाइली सुपूर्द करण्याबद्दल काय करता? क्लायंटकडे बोधचिन्हाची फक्त एक छोटी जेपेग असते, मग ते कोणाकडून तरी नव्यानं काढून घेतात. तेच काम दोनदा.

कोरी पाटी

काम संपलं की एक फोल्डर देतो. एसव्हीजी, छपाईची पीडीएफ, रंगांची सीएमवायके आणि आरजीबी (पडद्यावरच्या रंगांची) मूल्यं साध्या मजकुरात लिहिलेली, फाँट आणि त्यांचा परवाना. शक्यतो खुल्या परवान्याचे फाँट घेतो म्हणजे क्लायंट ते उद्या कोणालाही देऊ शकतो. रंगांची मूल्यं लिहून देण्याचं कारण २०२२ चा प्रसंग. पँटोन कंपनीचे ठरावीक क्रमांकांच्या रंगांचे बरेच संच ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधून निघाले तेव्हा जुन्या फाइलींत त्या रंगांच्या जागी काळं दिसू लागलं होतं. मूल्यं लिहिलेली असली तर निदान मूळ रंग काय होता ते कळतं.

निळी शाई

छपाईच्या पीडीएफमध्ये फाँट आउटलाइन केलेले (अक्षरांचे नुसते आकार बनवलेले) असतात, मग मजकूर शोधताही येत नाही आणि स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचताही येत नाही. त्याला काय करता?

कोरी पाटी

दोन पीडीएफ देतो: एक आउटलाइन केलेली छपाईसाठी, दुसरी मजकूर जिवंत ठेवलेली, टॅग केलेली (शीर्षक, परिच्छेद अशा खुणा घातलेली). पण देवनागरीत दुसरीवरही पूर्ण भरवसा ठेवू नका. पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या आणि रफार पुष्कळदा जागा बदलतात. म्हणून अंतिम, तपासलेला मजकूर युनिकोडमध्ये वेगळ्या साध्या फाइलीत ठेवतो. पुढच्या आवृत्तीला तोच उपयोगी पडतो, कोणालाही सगळं पुन्हा टंकायला लागत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातली माहितीपत्रकं असतील तर आधी मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. रूपांतर झालं की माणसानं एकदा वाचायलाच हवं, कारण जोडाक्षरं तिथेच घसरतात.

स्पष्ट अक्षर

ते वाचण्याचं काम मी करून देते, कोणाला हवं असेल तर संदेश पाठवा.